सोर्स मॅप सेंट्रीवर चढवले म्हणजे कोड परक्याला दिला?

सराफ्याचा_निशाचर: काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं की बिल्डमध्ये सोर्स मॅप (मिनिफाइड, म्हणजे आक्रसून टाकलेल्या जेएसमधली जागा मूळ कोडशी जुळवणारी फाइल) सेंट्रीवर (चालू साइटचे एरर गोळा करणारी सेवा) चढवणं म्हणजे आपला कोड आपल्याच हाताने परक्याला देणं, आणि ‘आम्ही मिनिफाइड ट्रेसवरच (एररचा माग) भागवतो’. भागवता म्हणजे काय हो? ‘टी डॉट एन अनडिफाइंड, ओळ १, कॉलम ४८२१३’. यावरून कुठलं बटण मेलं ते ओळखून दाखवा! जेएस तर ब्राउझरला आधीच दिलेली असते, मॅप फक्त जाहीर करू नका. वीट (Vite) या बिल्ड टूलमध्ये सोर्समॅप ‘हिडन’ ठेवा, फाइलच्या शेवटी मॅपचा पत्ता छापला जात नाही. अपलोड झालं की डिस्टमधले (तयार बिल्डचं फोल्डर) मॅप पुसा, मग डिप्लॉय.

विजयनगर_बॅकएंड: तो महाशय मीच. मॅपमधलं सोर्सेसकंटेंट कधी उघडून बघितलंय? अख्खी मूळ फाइल, कॉमेंटसकट. आमच्याकडे एकाने क्लायंटबद्दल जे लिहून ठेवलंय ते इथे सांगण्यासारखं नाही. करारातच आहे, सोर्स बाहेर जाणार नाही. शिवाय मॅपसकट बिल्ड चालवला की नोडची मेमरी संपून रनर (बिल्ड चालवणारं मशीन) मरतो.

राजवाडा_रिअ‍ॅक्ट: करार-बिरार मला माहीत नाही. रंगपंचमीला मी इंदूरच्या गेरमध्ये (रंगांची मिरवणूक), अंगभर रंग, आणि पुण्याच्या ऑफिसातून फोन: पेमेंटचं पान पांढरं. मॅप चढवले होते! पण पाइपलाइन लिहिणाऱ्याने फाइली आधी सीडीएनवर (जिथून त्या लोकांच्या ब्राउझरला जातात) टाकल्या आणि फाइल व मॅपची जोडी जुळवणारा डीबग आयडी नंतर घातला. लाइव्ह फाइलीत आयडीच नाही, जुळणार कसं? वर माझी रजा कापली, पुण्याला सुट्टी नसते म्हणून.

कोथरूडकर: रंगपंचमी आमच्याकडेही असते. आम्ही ऑनकॉल (अडचण आली तर कोण धावेल त्याची पाळी) आधी लावतो. रजा हवी तर आधी सांगायचं.

राजवाडा_रिअ‍ॅक्ट: आधी सांगायचं?! इथे कलेक्टर स्थानिक सुट्टी जाहीर करतात, सगळं शहर रस्त्यावर असतं. गणपतीत ‘ट्रॅफिक आहे’ म्हणून तुम्ही घरी बसता तेव्हा आम्ही काही बोललो?

जेलरोड_जुना: खरंय भिया. सुट्ट्यांची यादी सगळी पुण्याची. मध्य प्रदेशात बसून आम्ही महाराष्ट्र दिन पाळतो.

कोथरूडकर: मग तो दिवस परत करा की.

जेलरोड_जुना: रंगपंचमी द्या, लगेच करतो.

विजयनगर_बॅकएंड: धागा मॅपचा आहे की रजेचा?

सराफ्याचा_निशाचर: करार आडवा येत असेल तर सेंट्री स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. मेमरीला नोडची मर्यादा, मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ, वाढवा. आणि मॅप डिप्लॉयच्या आधीच चढले पाहिजेत. आधी येऊन पडलेले एरर नंतर उलगडत नाहीत.

विजयनगर_बॅकएंड: स्वतःच्या सर्व्हरवर! काफ्का, क्लिकहाउस, पोस्टग्रेस, रेडिस, सेंट्रीला लागणारा हा डोलारा रात्री कोण सांभाळणार, तुम्ही? बरं, क्लायंटने लेखी ‘हो’ दिलं तर चढवू, तुमच्या समाधानासाठी. आणि राजवाडेवाले, अपलोडचं टोकन (गुप्त किल्ली) ‘वीट’ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमध्ये नाही ना ठेवलंत? कोडमध्ये वापरलं की ते थेट ब्राउझरला जाणाऱ्या बंडलमध्ये छापलं जातं.

राजवाडा_रिअ‍ॅक्ट: टोकन सीआयच्या (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) सिक्रेटमध्ये आहे, साहेब. रजेचं बोला.