जुन्या फोर बाय फोर पिकअपचे ॲव्हरेज: दुरुस्तीने वाढते की वेग कमी केल्याने?

धागाकर्ता

माझी फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी) पिकअप बावीस वर्षांची आहे. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, पुढच्या चाकांना हाताने फिरवून जोडायचे हब (चाक पुढच्या ॲक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे खटके) आणि मागे पाटे, असा तिचा साधा जामानिमा. अशा गाडीच्या ॲव्हरेजची गोष्ट निघाली की ‘जुनी गाडी, त्यात फोर बाय फोर, ती पिणारच’ असे म्हणून बहुतेक जण विषय मिटवतात. मला हे अजिबात मान्य नाही. गाडी जास्त डिझेल पिते ती वयामुळे नव्हे, तर वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या बारीकसारीक बिघाडांमुळे, आणि ते काढले तर नवीन काहीही न बसवता ॲव्हरेज वाढते, असे माझे ठाम मत आहे.

एकच उदाहरण सविस्तर सांगतो. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून, शेवटी शेवटी ब्रेक फारसा न वापरता ती थांबवली आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. तीन चाके कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ मात्र हात धरवेना. जॅक लावून ते चाक हाताने फिरवले, तर अर्ध्या फेऱ्यातच थांबले. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडून गंजल्या होत्या. त्या घासून साफ केल्या, ब्रेकसाठी असते तेच ग्रीस लावले आणि मग तेच चाक एका झटक्यात दोन फेरे फिरले. म्हणजे कित्येक महिने मी एक ब्रेक अर्धवट दाबूनच गाडी हाकत होतो!

बाकीची यादी थोडक्यात देतो. थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) उघडाच अडकल्यामुळे इंजिन पुरते तापत नव्हते, तो बदलला. टायरमध्ये ३२ ऐवजी २४ पीएसआय हवा होती. कधीतरी चिखलातून बाहेर पडताना जोडलेले पुढचे हब तसेच राहिले होते, त्यामुळे पुढचा डिफरेन्शियल (दोन चाकांमध्ये जोर वाटणारा दातेरी चाकांचा डबा) आणि त्याला जोडलेला प्रॉपेलर शाफ्ट हा दांडा डांबरी रस्त्यावरही विनाकारण फिरत होते. हौद्यातले ९० किलो सामान उतरवले. ३१ इंच व्यासाचे चिखलाचे टायर काढून कंपनीचे मूळ २९ इंची टायर घातले, आणि मोठ्या रस्त्यावर काट्यावरचा ९५ चा वेग ८० वर आणला. टाकी गळ्यापर्यंत भरून सलग तीन टाक्यांचा हिशेब केला, तेव्हा पूर्वीचे ८.१ चे ॲव्हरेज ९.४ झाले होते.

पहिला प्रतिसाद

आपण केलेली मेहनत खरी आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपण सात गोष्टी एकदम बदलल्या आणि त्यातून झालेली वाढ दुरुस्तीच्या खात्यावर जमा केली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० च्या तुलनेत ९५ ला तो सुमारे ४१ टक्के जास्त असतो. पिकअप म्हणजे उंच, चौकोनी नाकाची, टपावर कॅरिअर आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी, आणि अशा गाडीचे मोठ्या रस्त्यावरचे निम्म्याहून अधिक इंधन हवा कापण्यातच जाऊ शकते. माझ्या मते आपल्या वाढीतला सिंहाचा वाटा फक्त उजव्या पायाचा आहे, आणि त्यासाठी एकही नटबोल्ट सोडवावा लागत नाही.

फाळका, म्हणजे हौद्याची मागची फळी, खाली पाडून चालवल्याने हवा आरपार जाते आणि बचत होते, हा समजही याच ठिकाणी दूर व्हायला हवा. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि रोध साधारणपणे वाढतो.

दुसरा प्रतिसाद

दोघांनाही माझा विरोध आहे. बावीस वर्षांच्या गाडीवर लीटरमागे एक-सव्वा किलोमीटरसाठी इतके दिवस घालवणे मला व्यर्थ वाटते. छोट्या गाड्या वीस-बावीसचे ॲव्हरेज देत असताना आठाचे नऊ झाले यात मोठे ते काय? रोजचे जाणे-येणे लहान गाडीने करावे आणि पिकअप फक्त ओझ्यासाठी व चिखलासाठी काढावी. खरी बचत त्यातच आहे.

धागाकर्ता

रोजचे जाणे-येणे लहान गाडीने करावे हे मला मान्य आहे, पण ‘त्यात मोठे ते काय’ हे म्हणणे गणितात टिकत नाही. किलोमीटर प्रति लीटर हे माप फसवे आहे. १८ वरून २२ वर गेलेली लहान गाडी दर शंभर किलोमीटरला सुमारे एक लीटर वाचवते. ८.१ वरून ९.४ वर गेलेली माझी पिकअप तेवढ्याच अंतरात १.७ लीटर वाचवते. वाढ दिसायला लहान, पण बचत मोठी, कारण गाडी मुळातच जास्त पिणारी आहे. म्हणूनच दुरुस्तीचा पहिला मान जास्त पिणाऱ्या गाडीला द्यावा, असे मी म्हणतो.

तिसरा प्रतिसाद

आपला हा हिशेब कोसळतो आहे, हे मला खेदाने सांगावे लागते. किलोमीटरचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. मूळ टायर २९ इंचांचा असताना आपण ३१ इंची टायर घातला होता. तो एका फेऱ्यात जवळजवळ ७ टक्के जास्त अंतर कापतो आणि काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे त्या वेळी आपले खरे ॲव्हरेज ८.१ नसून सुमारे ८.७ होते. दर शंभर किलोमीटरची बचत १.७ लीटरवरून ०.९ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर येते. शिवाय वेगाचा काटाही तेवढाच कमी दाखवत होता, त्यामुळे आपले ९५ म्हणजे प्रत्यक्षात १०१ च्या पुढे होते. त्या वेगाला हवेचा रोध ८० च्या तुलनेत ६१ टक्के जास्त होतो. पहिल्या प्रतिसादातले म्हणणे यामुळे अधिकच बळकट होते.

हबबाबतही एक सावधगिरी सांगतो. ते मोकळे ठेवण्याचा फायदा असतो, पण थोडासाच. आणि ते कायम मोकळे ठेवले तर पुढच्या डिफरेन्शियलमधले तेल वरच्या दातांपर्यंत उडत नाही. महिन्यातून एकदा ते जोडून, गाडी टू व्हीलमध्येच (जोर फक्त मागच्या चाकांना) ठेवून काही किलोमीटर चालवावी.

चौथा प्रतिसाद

मी फक्त जोडवस्तूंबद्दल लिहितो, कारण इंधनाच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत ओतायची औषधे यांवर पैसे घालवणारे लोक मी जवळून पाहिले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांतील एकानेही ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ केलेली आढळली नाही. एअर फिल्टरबद्दलचा समजही अर्धाच खरा आहे. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत, संगणकाने इंधन मोजणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तुंबलेल्या फिल्टरने जोर कमी झाला, पण ॲव्हरेज फारसे पडले नाही. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या इंजिनात मात्र फरक पडतो. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेलमध्ये फिल्टर तुंबला की काळा धूर येतो, म्हणजेच डिझेल पुरते न जळता बाहेर पडते. म्हणून फिल्टर बदलण्याआधी आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे ते पाहावे.

धागाकर्ता

तिसऱ्या प्रतिसादात माझी चूक दाखवल्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. टायर बदलल्याची नोंद मी स्वतः वहीत केली होती आणि तरीही काटा दुरुस्त करून घेतला नाही. आता मी ८.७ हाच पूर्वीचा आकडा धरतो. दुरुस्तीवरचा माझा विश्वास मात्र यामुळे डळमळलेला नाही: हात धरवणार नाही इतकी उष्णता त्या चाकात डिझेलखेरीज कशातून येणार होती? तिचा वाटा किती, एवढाच प्रश्न उरतो, आणि वेगाचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय तो सुटणार नाही.

म्हणून पुढच्या तीन टाक्या मी टायर, हवा, सामान आणि रस्ता यांत काहीही न बदलता, काट्यावर नव्हे तर जीपीएसवर पाहून १०१ च्या खऱ्या वेगाने चालवणार आहे. त्या वेगाला ॲव्हरेज ८.७ वर परतले, तर पहिला प्रतिसाद बरोबर ठरेल. ते ९ च्या वर राहिले, तर वरचा भाग दुरुस्तीचा आणि उतरवलेल्या ओझ्याचा. आज सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, काट्यावरचा आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याशेजारी या वेळी टायरचे मापही लिहिले.

पहिला प्रतिसाददाता

ही चाचणी मला मान्य आहे. फक्त प्रत्येक वेळी त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी असतानाच टाकी भरावी. जमीन थोडी जरी कललेली असली तरी एक-दोन लीटरचा फरक पडतो, आणि आपण दोघे ज्या वाट्यावरून वाद घालत आहोत तो तेवढाच आहे.