क्रॅगसाइड: घराइतकंच पाणीही बघा

काही जण म्हणतात की उत्तर इंग्लंडमधलं क्रॅगसाइड म्हणजे आणखी एका श्रीमंताचं घर, त्यासाठी न्यूकॅसल शहराहून नॉर्थम्बरलंड परगण्यात एवढं लांब कशाला जायचं? मला हे अजिबात पटत नाही. इंजिनिअर आणि कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँगच्या या घरात १८७८ साली पाण्यापासून केलेल्या विजेवर दिवा लागला, आणि १८८० मध्ये संशोधक जोसेफ स्वॉनने बनवलेले बल्ब आले. लायब्ररीतल्या मीनाकामाच्या फुलदाण्या अगदी जवळून बघा. त्यांच्यावरच दिवे बसवले होते. बुडाशी पाऱ्याची छोटी वाटी असायची, तिच्यामुळे वीज जोडली जायची. फुलदाणी उचलली की दिवा बंद, परत ठेवली की चालू! स्वयंपाकघरात मांस भाजायची सळईसुद्धा पाण्याच्या दाबावर फिरायची. यामागचा बराच पैसा आर्मस्ट्राँगच्या तोफांच्या कारखान्यातून आला, हेही बघताना विसरू नये.

बागेसाठी जूनच्या सुरुवातीला जा, ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझाडं भरात असतात. घराखालच्या खडकाळ उतारावरून लोखंडी पुलापर्यंत जरूर उतरा. आईबाबांना घेऊन जाणार असाल तर मात्र तो चढ त्यांना झेपणार नाही. त्यांना गाडीतूनच इस्टेटीची फेरी घडवा, तळी वाटेतच लागतात.