‘तेव्हा बायकाच मिळत नव्हत्या’ हे खरं आहे का?

रंगपट: मराठी नाटकाचा सुवर्णकाळ म्हटलं की स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची ‘मानापमान’ नाटकातली भामिनी, त्यांचे शालू आणि १९२१ चा दोन कंपन्यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. पण त्याच जमान्यात बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा कंपन्या होत्या. तिथे पुरुषपार्टही बायकाच करायच्या. कलावंतिणींच्या घरातल्या म्हणून त्यांची कुणी गणतीच केली नाही. पुरुषांनी केलेल्या स्त्रीपार्टाचं, म्हणजे बाईच्या भूमिकेचं, कौतुक जरूर करा, पण ‘तेव्हा बायकाच मिळत नव्हत्या’ हे पालुपद आता पुरे.

जुना श्रोता: पालुपद कसलं, वस्तुस्थिती आहे ती. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. नाटक कंपनीचं बिऱ्हाड वर्षभर गावोगाव, इतक्या पुरुषांत एकटी बाई राहणार कशी? आणि बालगंधर्वांनी कुणाची जागा अडवली नाही. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायच्या, ही त्यांच्या कलेची ताकद.

रंगपट: त्यांच्या कलेबद्दल वादच नाही. पण फाळक्यांची गोष्ट तारामतीपाशी का थांबवता? त्याच १९१३ मध्ये त्यांचा ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपट आला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची लहानगी कमला मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई लेकीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीतच राहत होत्या. म्हणजे तुम्ही म्हणता त्याच बिऱ्हाडात, पदरात पोर घेऊन! हीच कमला पुढे कमलाबाई गोखले झाली आणि तिने रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या.

विंगेतून: रंगपट, पटलं. शिवाय संगीत नाटक चालायचं गळ्यावर, आणि गाणाऱ्या बायकांची वानवा कधीच नव्हती. हिराबाई बडोदेकर भावंडांना घेऊन नाटकात उतरल्याच की. तरी १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तिथूनच आपण स्त्रियांचा प्रवेश मोजतो. आधीच्यांनी काय केलं मग?

जुना श्रोता: आधीच्यांचा मान राखायलाच हवा, दुर्गाबाईंचा तर नक्कीच. पण दोन-चार धाडसी बायकांवरून दार उघडं होतं असं ठरत नाही. १९३३ नंतर मध्यमवर्गीय बाप मुलीला तालमीला पाठवायचा विचार तरी करू लागला. तो बदल नाट्यमन्वंतरच्या मंडळींनी घडवला, आणि त्याचं श्रेय मी कमी होऊ देणार नाही.

रंगपट: श्रेय त्यांना द्याच. पण ज्यांना त्या बापाची परवानगी मागायचीच नव्हती, त्या तोवर कित्येक वर्षं रंग लावून उभ्या होत्या.