सोलापुरात ३ दिवस, सोबत इटलीचे २ पाहुणे, एकाला शेंगदाणा वर्ज्य : काय, कुठं, कधी खावं?

मागवाला_नाशिक

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या मागांचं काम आहे. मंगळवार ते गुरुवार मुक्काम. सोबत इटलीहून आलेले २ तंत्रज्ञ. दोघांनाही मोठ्या हॉटेलातलं सगळीकडे सारखंच मिळणारं जेवण नकोय, सोलापूरचं म्हणून जे आहे ते खायचंय. अडचणी दोन : एकाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि दुसऱ्याला तिखटाची सवय नाही. काम ९ ते १ आणि ३ ते ६, बाकी वेळ आमचा. हॉटेलांच्या याद्या नेटवर खूप आहेत, त्या नकोत. कोणता पदार्थ कधी, कोणत्या भागात आणि कसा मागायचा ते सांगा. परत जाताना ते इटलीला काय नेऊ शकतील तेही.

बाळीवेस

यादी नको म्हणालात ते बरं केलंत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार बोलींची चार स्वयंपाकघरं आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. वेळ चुकली की चांगल्या ठिकाणीही गार भाकरी पदरात पडते.

दुपारचं जेवण खानावळीत करा, आणि १ वाजता काम सुटलं की थेट निघा. अडीचनंतर भाकरी करणाऱ्या बायका चुलीवरून उठतात, मग सकाळी थापलेली गरम करून देतात. ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात आल्यावर पहिल्या ५ मिनिटांतच खरी लागते, पुढे वातड होते. लिंगायत पद्धतीच्या खानावळीत ताट असं असतं : भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, पुंडीची म्हणजे अंबाडीची पालेभाजी, आमटी, दोन-तीन कोरड्या चटण्या, दही, कांदा. भाकरी एकेक मागवा, आधीच चार घेऊ नका. पीठ मालदांडी या वाणाच्या ज्वारीचं आहे का ते विचारा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते या मालदांडीमुळेच. भाकरी पांढरी, जराशी गोडसर आणि दुमडली तरी न तुटणारी असते.

कडक भाकरी हा निराळा प्रकार. पातळ भाकरी तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत पूर्ण कोरडी करतात. पाण्याचा अंश उरत नाही म्हणून महिनाभर टिकते. इटलीच्या माणसांना हे समजावणं सोपं आहे. सार्डिनिया बेटावर मेंढपाळ रानात न्यायला ‘पाने काराझाऊ’ नावाची कागदासारखी पातळ, कुरकुरीत भाकर करतात. तीच रश्शात भिजवून, वर टोमॅटोचं सार आणि अंडं घालून खातात, त्याला ‘पाने फ्राताऊ’ म्हणतात. आपण कडक भाकरी आमटीत कुस्करतो ते याच जातीचं खाणं. कुस्करल्यावर २-३ मिनिटं थांबा, मग खा. लगेच खाल्ली तर हिरडीला टोचते, दहा मिनिटं ठेवली तर लगदा होतो. ज्वारीच्या कण्या शिजवून दिल्या तर त्यांना त्यांचा पोलेंता आठवेल.

रात्रीला मटण. जहाल तिखट मटणाच्या सावजी खानावळी शहरात आहेत, पण तिखट न चालणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये. साध्या मटण खानावळीत आधी ‘अळणी’ मागा. मटण हळद-मीठ, आलं-लसूण घालून शिजवतात, त्याचं हे वरचं पाणी. काळा मसाला आणि तिखट त्यात अजून पडलेलं नसतं. नावात अळणी असलं तरी मीठ असतं. उकळतं प्यावं, गार झालं की चरबी वर थिजते. अळणीत कडक भाकरी कुस्करून दिलीत तर तिखट न खाणाऱ्याचं पोटभर जेवण होतं. त्याच मटणाचं सुक्कं वाटीभर बाजूला मागवा, त्याला वाटेल तितकं तो चाखेल. तोंड भाजलं तर पाणी देऊ नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, दही किंवा तूप-भाताचा घास द्या.

पुंडी_पल्ल्या

बाळीवेस यांनी चवीचं नीट सांगितलंय, पण शेंगदाण्याची ॲलर्जी हा या शहरात बाजूला टाकण्याचा मुद्दा नाही. वरच्या ताटात शेंगदाणा कुठंकुठं आहे ते बघा. शेंगा चटणीत आहेच. भरल्या वांग्याच्या मसाल्यात कूट असतं. उसळीत बहुतेक वेळा, पालेभाजीत कधीकधी. जवस आणि कारळ्याच्या चटण्या त्याच उखळात कुटतात आणि पुष्कळदा त्यात शेंगदाणे मिसळतात. ठेच्यात कूट, कोशिंबिरीत कूट. काही खानावळींत मटणाचा रस्सा दाट करायलाही कूट वापरतात. फोडणीचं तेल शेंगतेल असू शकतं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात उरतात, आणि घाण्याचं तेल वापरतो हे इथं अभिमानानं सांगतात.

नाश्त्यालाही सुटका नाही. पोहे, साबुदाणा खिचडी, चिवडा यांत दाणे दिसतात तरी. इडलीसोबतच्या चटणीत ते वाटलेले असतात, दिसत नाहीत. त्याला सांबार-इडली द्या आणि चटणीची वाटी ताटात ठेवूच नका असं आधी सांगा. नंतर उचलली तरी थेंब सांडलेला असतो.

त्याच्यासाठी मागवायचं ते असं : वेगळ्या परातीतून आलेली साधी ज्वारीची भाकरी, तूप, घट्ट दही, फोडणीशिवाय वरण-भात, उकडलेली अंडी. अळणी चालेल, पण पातेल्यातून पळीनं काढताना तीच पळी रश्शात बुडालेली नको. हे स्वयंपाकघरात जाऊन, पळीकडे बोट दाखवूनच सांगावं लागतं. वाढप्याला सांगून आत पोचेल याचा भरवसा नाही.

‘ॲलर्जी’ हा शब्द वापरून भागत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं अंगावर थोडी खाज येईल. ‘शेंगा खाल्ल्या तर श्वास बंद पडतो, दवाखान्यात न्यावं लागतं’ असं सांगा. शब्दही नेमका हवा. इथं नुसतं ‘शेंगा’ म्हटलं की भुईमूगच कळतो, कन्नड बोलणाऱ्यालाही. त्याला म्हणायचं, ‘शेंगा बेड, शेंगा एण्णे बेड’, म्हणजे शेंगा नको, शेंगतेल नको. तेलुगू घरात ‘पल्लीलु वद्दु’. दखनी-हिंदीत मूंगफली किंवा फल्ली. कूट वेगळं विचारा. ‘शेंगदाणे नाहीत’ म्हणणारा माणूस कूट घालतो आणि त्याच्या मते तो खोटं बोललेला नसतो.

एपिनेफ्रिनची इंजेक्शनची पेनं त्यानं स्वतःची आणायची, दोन. इथल्या औषध दुकानात मिळतील असं धरू नका. ती त्याच्या अंगावरच्या पिशवीत हवीत, गाडीत ठेवलेल्या बॅगेत नकोत. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला की वाट बघायची नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन टोचायचं, आडवं झोपवायचं (धाप लागली असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करून चालवायचं नाही) आणि १०८ ला फोन लावायचा. ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. हे तुम्ही आणि तुमचा ड्रायव्हर, दोघांनीही आधी समजून घ्या.

आगटी

जानेवारीचा शेवट म्हणजे हुरड्याचे शेवटचे चांगले दिवस. तो चुकवू नका. शिवाय हुरड्यात शेंगदाणा नसतो.

ज्वारीचं कणीस चिकात असतानाचा, म्हणजे दाणा दाबला की दुधासारखा चीक येतो तेव्हाचा हा दाणा. पुढे तो निबर होतो, मग चावून चोथा उरतो. म्हणून आदल्या दिवशी शेतावर फोन करून विचारा : कणसं कधी पेरलेल्या रानातली, आणि कोणत्या वाणाची? गूळभेंडी किंवा सुरती म्हणाले तर जा. नुसतं ‘आहे की हुरडा’ म्हणाले तर दुसरं शेत बघा. गूळभेंडीचा दाणा गोड असतो आणि बोंडातून सहज सुटतो.

जमिनीत वीतभर खोल खड्डा घेऊन त्यात गोवऱ्या पेटवतात, ती आगटी. धूर संपून निखारे राखेखाली गेले की कणसं त्यात खुपसतात. धूर असताना घातली तर हुरडा कडवट होतो. २-३ मिनिटांत कणीस काढून गरम असतानाच दोन तळव्यांत चोळतात, पाखडून कुसळ उडवतात आणि ताटात टाकतात. हिरवट, वाफाळता दाणा. त्या क्षणी तो लोण्यासारखा मऊ असतो, गार झाला की आवळतो. म्हणून माणसांनी आगटीभोवतीच बसायचं, ताटं टेबलावर मागवायची नाहीत.

तुमच्या ॲलर्जीवाल्या पाहुण्यासाठी एक काळजी. हुरडा चोळणाऱ्याच्या हाताला शेंगा चटणी लागलेली असते आणि ताटात ती आधीच वाढलेली असते. पहिल्या आगटीची कणसं त्याच्यासाठी सांगा, चोळणाऱ्याला साबणानं हात धुवायला लावा, ताट वेगळं घ्या. सोबत फक्त गूळ आणि दही. बाकीच्यांनी लसणाची, तिळाची चटणी, शेव, बोरं, ऊस काय हवं ते खावं.

बुधवारी काम तासभर आधी सोडता आलं तर बघा. सहाला सुटून शेतावर पोचेपर्यंत अंधार पडतो. आणि त्या दिवशी दुपारी भाकरी अर्धीच खा.

मागवाला_नाशिक

फार उपयोगी. बुधवारी ५ ला सुटायचं ठरवतो. कन्नड-तेलुगू वाक्यं कागदावर लिहून घेतली. दोन शंका राहिल्या : एक, शेंगा चटणी आणि कडक भाकरी विमानातून कशी न्यायची? दोन, ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याला चटणी म्हणून काहीच मिळणार नाही का?

उखळ

आधी चटणी ओळखायला शिका. बाळीवेस, मंगळवार पेठेच्या भागात सुटी मिळते. चिमूट बोटांत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाला तेल लागलं पाहिजे. ते तेल वरून ओतलेलं नसतं, कुटताना दाण्यातून सुटलेलं असतं. भुरभुरीत पूड असेल तर ती मिक्सरची. वास घ्या, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर दाणा खवट झालाय.

घरी करायची असेल तर पाव किलो दाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजा, साल तडतडून सुटलं पाहिजे. घाई केली की बाहेरून काळे, आतून कच्चे राहतात आणि चटणी आठवड्यात खवटते. पूर्ण गार करून सालं काढा. २० पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, दीड चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे लाल तिखट आधी एकत्र कुटा, मग दाणे थोडे थोडे घाला. मिक्सर वापरायचा झाला तर एकेक सेकंदाचे झटके द्या. सलग फिरवला की दाण्याचं लोणी होतं.

न्यायचं असं : चटणी चेक-इन बॅगेतच. तिखट पूड विमानतळावर हातातल्या सामानात अडवतात. आतल्या पिशवीला सील, त्यावर दुसरी पिशवी, मग प्लास्टिकचा डबा. तेल वाट काढतंच. आणि ती त्या पाहुण्याच्या बॅगेच्या आसपासही नको, दुसऱ्याच्या बॅगेत बांधा. कडक भाकरी हातातल्या सामानात न्या. गोल स्टीलच्या डब्यात आडव्या, दोन-दोन भाकरींच्या मध्ये कागद, वरची मोकळी जागा कापडानं भरलेली. डबा हलवल्यावर आवाज आला तर पोचेपर्यंत चुरा होणार. मऊ पडल्या तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर ५ मिनिटं.

युरोपात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप नको. डाळिंबंही नको, ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. कच्च्या हुरड्याची कणसं तर नकोतच.

तिळाची चटणी त्याच्यासाठी करता येते : एक वाटी तीळ, ८ लसूण पाकळ्या, एक चमचा तिखट, मीठ. पण शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना तीळही चालत नाही, त्याला आधी विचारा. आणि ती दुकानातली नको. ज्या खलबत्त्यात कधीच दाणे पडले नाहीत अशा खलबत्त्यात, नवा असला तर उत्तम, कुटून घ्या.

साखरपेठ

पूर्व भागाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मागांच्या कामाला येताय तर ज्यांच्या पिढ्यांनी इथं माग चालवले त्या पद्मशाली घरांतलं काहीतरी खाऊन जा. संक्रांतीच्या सुमाराला तेलुगू घरांत सकिनालू करतात. भिजवलेल्या तांदळाचं ओलं पीठ, त्यात तीळ, ओवा, मीठ. पीठ चिमटीत पिळत पिळत कापडावर एकात एक वेढे घालतात, जरा सुकवतात आणि तळतात. कारखान्यातल्या कामगारांना विचारा, कुणाच्या तरी घरचा डबा जानेवारी संपेपर्यंत पुरतो. पिठात शेंगदाणा नसतो, तळणीचं तेल मात्र विचारावंच लागेल, आणि तिळाचंही. सर्वपिंडी, म्हणजे तांदळाच्या पिठाची थापून भाजलेली जाडसर भाकरी, समोर आली तर त्या पाहुण्याला देऊ नका, तिच्या पिठातच दाणे मळलेले असतात.

विजापूर वेशीकडची बिर्याणी गुरुवारी रात्री ८ च्या आत गाठा. हंडी नुकतीच उघडलेली असते तेव्हा वरचा कोरडा भात तिखट न खाणाऱ्याला द्या, तळाचा मसाल्यातला तुम्ही घ्या. उशिरा गेलात तर ढवळून सगळं एक झालेलं असतं.