पोरीने जीनचं फिजिक्स करावं की धडगावच्या बाळंतिणींवर काम करावं?

सातपुडा_पायथा :
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. नात्यातली एक मुलगी जळगावला विद्यापीठात फिजिक्सची एमेस्सी झाली, लई हुशार, आता तिला पीएचडी करायचीये ती जीन ट्रान्सक्रिप्शनवर. म्हणजे पेशीत आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम डीएनएवरून सरकत सरकत त्याची आरएनए कॉपी काढतं, त्याचं गणित. शाखेचं नाव नॉन-इक्विलिब्रियम स्टॅटिस्टिकल फिजिक्स, म्हणजे समतोलाबाहेरच्या असंख्य कणांचं फिजिक्स. मला हे पटत नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाईला कळा सुरू झाल्या की अजून बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदाकाठच्या गावांना बोट अँब्युलन्सची वाट बघावी लागते, आणि खान्देशातलीच हुशार पोरं सरकारी फेलोशिपवर रेणू मोजणार? २०१८-२० च्या एसआरएसमध्ये (सरकारची जन्म-मृत्यूची नमुना पाहणी) लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३, पण तो ३३ अख्ख्या राज्याचा आहे, त्यात धडगाव दिसत नाही. पैसा आणि डोकं दोन्ही आधी तिकडे जायला पाहिजे.

फिजिक्सवाला_भुसावळ :
भाऊ, तळमळ समजते पण तुम्ही दोन गोष्टी उगाच एकमेकींसमोर उभ्या केल्या. पेशी जिवंत आहे तोवर ती सतत ऊर्जा खर्च करत असते, समतोलात आली म्हणजे मेली, म्हणून समतोलाबाहेरचं फिजिक्स लागतं. आणि एका जीनवर बरीच पॉलिमरेज एकामागे एक चालतात, पुढचं थांबलं की मागची अडकतात, सावदा-रावेरचे केळीचे ट्रक घाटात अडकतात ना तसंच, त्या रांगेचं गणित भारतात पण झालंय, आयआयटी कानपूरला. आपले भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांना २०२२ चं बोल्ट्झमन मेडल, म्हणजे याच स्टॅटिस्टिकल फिजिक्समधला मोठा सन्मान, मिळालं, पहिलेच भारतीय, आणि त्यांच्यासोबत ते मिळालं जॉन हॉपफिल्डना, ज्यांनी १९७४ मध्ये दाखवलं की पेशी जादा ऊर्जा खर्चून कॉपीतल्या चुका कमी करू शकते.

आता नंदुरबारचं बोलू. भिल्ल-पावरा समाजात सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे हे तुम्हाला माहितीच आहे. सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर लगेच गोठत नाही, थोडा वेळ घेतं, आणि तो वेळ त्याच्या कॉन्सन्ट्रेशनच्या जवळपास ३० व्या घातावर अवलंबून असतो, म्हणजे जरा दाट झालं की वेळ एकदम घटतो, हे पण १९७४ चंच काम. तेवढ्या वेळात पेशी बारीक रक्तवाहिनीतून निसटली तर ठीक, नाही तर अडकली आणि दुखणं सुरू. हे समतोलाबाहेरचंच फिजिक्स आहे भो! आणि पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते असं गोठत नाही, पण जन्मानंतर त्याचा जीन दाबला जातो, म्हणजे त्याची आरएनए कॉपी निघणं कमी होतं, तो दाबणारा दुसरा जीन बीसीएल११ए २००८ मध्ये सापडला, तोच ढिला करून २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत सिकलची पहिली जीन एडिटिंग ट्रीटमेंट मंजूर झाली. ट्रान्सक्रिप्शनचा अभ्यास म्हणजे हेच.

उपकेंद्र_ताई :
मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, सातपुड्यातच. दादा, तुमचं वाचलं, छान लिहिलंय, पण ती ट्रीटमेंट २२ लाख डॉलरची आहे हे का नाही लिहिलं? माझ्या पाड्यावर ती कोणाला मिळणार. माझ्याकडे बाई येते सातव्या महिन्यात, हिमोग्लोबिन ७, कारण दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातला गेलेले आणि मधल्या महिन्यांची एकही तपासणी कार्डावर नाही. मी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या देते. तिला सिकल असेल तर रक्तपेशीच फुटतायत, लोह कमी नसेल तर नुसत्या गोळ्यांनी काय होणार, आणि सिकलचा पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत ती बाळंत होऊन परत गेलेली असते.

अजून एक, तुम्ही दोघं पण संशोधन म्हणजे फक्त लॅबमधलं असंच धरून चाललाय. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, इकडे उन्हाळ्यात लाईट गेली की काळजात धस्स होतं. २०१८ मध्ये १० देशांत, त्यात भारत पण होता, जवळपास ३० हजार बायकांवर कार्बेटोसिनचा अभ्यास झाला, हे उन्हाळ्यात टिकणारं इंजेक्शन, रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडलं नाही. २०२३ चा दुसरा अभ्यास, आफ्रिकेतल्या चार देशांत ८० हॉस्पिटलांत, बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, नजरेने अंदाज करायचा नाही, आणि रक्त जास्त जातंय दिसलं की पोटाचा मसाज, इंजेक्शन, सलाईन सगळं एकदम सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव ६० टक्के कमी झाला! एका पिशवीने आणि शिस्तीने. हे संशोधन नाही तर काय आहे? पण असल्या विषयावर पीएचडी केली की लोक म्हणतात नर्सिंगचं काम आहे.

सातपुडा_पायथा :
ताई, मी हेच म्हणतोय ना. त्या मुलीसारखं डोकं तुमच्या सोबत असतं तर?

उपकेंद्र_ताई :
नाही दादा, मी तसं नाही म्हणत. जबरदस्तीने आलेलं माणूस मला नको, फॉर्म भरून फोटो काढून जातात असले बरेच बघितलेत.

तापीकाठचा_शेतकरी :
भाऊ तुमनं म्हननं मना मनले नही पटनं. पुण्या-मुंबईच्या पोराला कोणी विचारतं का की तू आधी खेड्यात सेवा कर मग फिजिक्स कर? खान्देशच्या पोरीने डोकं वर काढलं की लगेच तिच्या डोक्यावर अख्ख्या जिल्ह्याचं ओझं. रस्ता बांधणं पीडब्ल्यूडीचं काम आहे, पीएचडीवाल्या पोरीचं नाही. तिला जे आवडतं ते करू द्या, बस.

डॉक्टर_धुळे :
शेतकरीदादांशी अर्धा सहमत. मुलीला आवडीचं करू द्या, पण पैशाचा प्रश्न त्याने सुटत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि पुढे आशांचं घरभेटीचं काम त्यावरच उभं राहिलं. नंदुरबार पण आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे मागास म्हणून केंद्राने खास लक्षासाठी निवडलेला, सरकारचं सिकल मिशन २०२३ पासून चालू आहे, मेडिकल कॉलेज २०२० मध्ये आलं, मग इथल्या बाळंतिणींचे प्रश्न इथूनच का नाही विचारले जात? आणि फिजिक्सवाले भाऊ, सिकलचं उदाहरण खरंय पण ते निवडून घेतलेलं आहे. ट्रान्सक्रिप्शनचे शेकडो पेपर निघतात ज्यांचा पेशंटशी काही संबंध नसतो.

फिजिक्सवाला_भुसावळ :
डॉक्टरसाहेब, नसतोच, आणि मी ते नाकारत पण नाही. १९७४ ला हिमोग्लोबिन गोठायचा वेळ मोजणाऱ्यांना जीन एडिटिंग माहीत नव्हतं. आधी उपयोग सांगा मग पैसे देतो म्हटलं असतं तर त्यातलं किती झालं असतं? तरी ताईंचा एक मुद्दा मला मान्य आहे, पाड्यावरच्या कामाला विज्ञान म्हणून मान मिळत नाही, आणि त्यात आम्ही लॅबवाले पण दोषी आहोत.

उपकेंद्र_ताई :
मान नंतर द्या. त्या मुलीला माझा एक निरोप द्या, तिने तिचंच फिजिक्स करावं, पण ओळखीत कोणी असेल तर सांगावं की उपकेंद्रावरच, बॅटरीवर, बाई समोर बसलेली असतानाच सिकल वाहक आहे का रोगी हे सांगणारी स्वस्त आणि भरवशाची तपासणी आम्हाला पहिल्या तीन महिन्यांत लागते. ऊसतोडीला जायच्या आधी.