मदत हवी आहे: जुन्या घराचं संग्रहालय करतोय, मागची भिंत मिरगाआधी कशी वाचवावी?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातल्या समुद्राकडच्या एका गावातून लिहितेय. जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज, हाताशी दिवस थोडे आहेत आणि मिरगाच्या आत काहीतरी ठरवायलाच हवंय.

आमच्या गावात एक जुनं घर आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी आणि ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची अंधारी खोली आणि परसात विहीर. घराण्याचा गलबतांचा धंदा होता, इथून मुंबईला नारळ, सुपारी, लाकूड जायचं आणि येताना कापड, किराणा, रॉकेल यायचं. रस्ते झाले, ट्रक आले, धंदा बसला, पुढच्या पिढ्या मुंबई-पुण्याला गेल्या आणि घर बंद पडलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या बाजूची कौलं उडाली, तेव्हा तात्पुरते म्हणून टाकलेले पत्रे आजही तसेच आहेत.

आम्ही गावातल्या काही बायकांनी हे घर हातात घेतलंय. कोणी शाळेत शिकवते, एक अंगणवाडी सेविका आहे, बाकी बचत गटातल्या, आणि मे महिन्यात माहेरी येणाऱ्या माहेरवाशिणी पण येऊन राबतात. आत्तापर्यंत झाडलोट केली, जमिनी चोपून सारवल्या, घिरट, जातं, कणगे, तांब्याचे हंडे, पाळणा असं माळ्यावरून काढून पुसून ठेवलं. गावातल्या इतर घरांतूनही वस्तू यायला लागल्यात. अँटिकवाले गाडी घेऊन फिरतात आणि कोरीव दरवाजा, पितळी समया उचलून नेतात हे सगळ्यांनी बघितलंय, म्हणून लोक म्हणतात की गावातच राहूदे.

आता अडचण. हिस्सेदार बरेच आहेत, सगळ्यांनी फोनवर हो म्हटलंय, लिहून कोणीच दिलेलं नाही. त्यातले एक काका खर्चाला पैसे देतायत, मनापासून देतायत, त्यांचं म्हणणं असं की ओटी आणि पडवी छान करा, तिथे मूळ पुरुषाचा फोटो, चोपड्या, गलबताचं मॉडेल ठेवा, आणि मागचं सगळं पाडून टॉयलेट आणि राहायला दोन खोल्या काढू म्हणजे पर्यटक येतील. खूप बोलणं झाल्यावर पाडायचं राहिलं, पण गवंडी म्हणतो भिंत ओली आहे, सिमेंटचं प्लास्टर मारल्याशिवाय पावसाळा काढणार नाही.

आणि आमचा जीव नेमका त्याच भिंतीत अडकलाय. कोठीच्या खोलीत, व्हायनाच्या (भात कांडायच्या जमिनीतल्या उखळाच्या) शेजारी, चुन्याच्या गिलाव्यावर कोळशाने ओढलेल्या रेघा आहेत. पाच-पाचच्या जुडीने, कमरेच्या उंचीपासून खाली जमिनीपर्यंत, म्हणजे खाली बसून ओढलेल्या. काही जुड्यांच्या शेवटी गेरूचा ठिपका. आम्हाला वाटलं पोरांनी खेळताना काढल्या असतील. मग गावातल्या एका खूप म्हाताऱ्या आजींना हाताला धरून आणलं, त्यांची आई या घरात भात कांडायला यायची. आजी भिंतीपाशी बसल्या, रेघांवरून बोट फिरवलं (हात न लावता, जरा अंतरावरून) आणि म्हणाल्या एक रेघ म्हणजे एक पायली कांडून झाली, आणि ठिपका म्हणजे मजुरीचे तांदूळ मिळाले. काही जुड्यांना ठिपका नाहीच.

ओटीवरच्या पेटीत घराण्याच्या चोपड्या आहेत, मोडीत, किती माल गेला किती आला सगळं लिहिलेलं. त्या चोपड्यांत या बायकांचं नाव कुठे असेल असं मला वाटत नाही. त्यांनी त्यांचा हिशोब भिंतीवर ठेवला. आता चोपड्या काचेत आणि भिंत सिमेंटखाली, असं संग्रहालय आम्हाला नकोय, त्यापेक्षा ओटी रिकामी राहिली तरी चालेल!

तर जाणकारांनी सांगा: सिमेंट न मारता ही भिंत कशी टिकवायची? माजघराच्या खांबाला खालून वाळवी लागलीय तिचं काय करू? चोपड्या कसरीने खाल्ल्यात, आमच्याकडे जुलैत भिंतीलासुद्धा बुरशी धरते तर कागद कसे ठेवायचे? आणि हिस्सेदारांकडून नक्की काय लिहून घ्यायचं?

– परसदार

लालमाती: ताई, आधी गवंड्याला थांबवा. मी रत्नागिरीकडे जुन्या घरांची कामं बघतो. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, आत कोंडते आणि मग क्षार फुगून चिराच भुगा व्हायला लागतो. दोनचार वर्षं सिमेंटची भिंत कोरडी दिसते, पण ते वरवरचं. तुमच्या भिंतीचा आजार भिंतीत नाहीये, वर आणि खाली आहे. वर पत्रे काढून कौलं घाला, पावळीचं पाणी भिंतीपासून लांब पडेल इतकी वळचण पुढे काढा. खाली बाहेरच्या बाजूला जोत्याला माती चढलेली असणार, वर्षानुवर्षं पालापाचोळा साचून अंगण वर येतं, ती माती उकरून जोतं मोकळं करा आणि उताराने चर काढा. एवढं मिरगाआधी झालं तरी निम्मं काम झालं. ज्या भागात रेघा नाहीत तिथे चुना करा, पण आत्ता घाईने नको, चुन्याला सुकायला आणि धरायला वेळ लागतो, दिवाळीनंतर करा.

रेघांना पाणी, ब्रश, व्हार्निश काहीही लावू नका. कोळसा नुसता वर बसलेला असतो, ओल्या फडक्याने एका मिनिटात जाईल. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूने टॉर्च तिरका मारून.

वाळवीचं म्हणजे खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) आहे की थेट जमिनीत पुरलाय ते बघा. मातीशी लाकडाचा संबंध तुटला पाहिजे. खालचा कुजलेला भाग कापून तेवढाच सागाचा नवीन तुकडा सांध्याने बसवता येतो, अख्खा खांब बदलायची गरज नसते. चांगल्या लाकडाला पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, होड्यांनापण, ते अजून मिळतं. फक्त हाताला लागू देऊ नका, भाजतं.

मोडीवाचक: चोपड्यांबद्दल. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात घालू नका, लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, उन्हात वाळवणं नको. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, वेखंडाची पूड पुरचुंडीत घालून शेजारी ठेवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मधल्या भिंतीशी ठेवा आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडा. पावसाआधी प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा, पाणी कागदाला वेळ देत नाही.

आणि चोपड्या वाचल्याशिवाय बायकांची नावं नाहीत असं धरून चालू नका. अशा वह्यांत घरखर्चाच्या पानांवर कांडणावळ, दळणावळ कधीकधी सापडते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तुमच्यातल्या एकदोघी शिकल्या तर घरचंच काम होईल. नावं सापडली तर भिंत आणि चोपडी शेजारी शेजारी लावता येतील.

तिठा: वकिलीच्या अनुभवावरून. तोंडी हो म्हणजे काहीच नाही, उद्या एक हिस्सेदार बदलला की काम थांबलं. सामायिक मिळकतीत प्रत्येकजण फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं देऊ शकतो, म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्यात, मुंबईला किंवा परदेशात असतील त्यांचं कुलमुखत्यारपत्र. आधी मिळकतीवर नावं कोणाची लागलीत ते उताऱ्यावर बघा, वारस नोंदी राहिलेल्या असतातच. मालकी मागू नका, लोक बिचकतात, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मागा, नाममात्र भाड्याचा. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो हे लक्षात ठेवा. त्यात ‘मागील बाजू न पाडणे’ हे स्पष्ट लिहून घ्या.

तुमची संस्था आधी नोंदवा, किमान सात जणी लागतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि आपल्याकडे त्यासोबत १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. आलेल्या प्रत्येक वस्तूची रजिस्टरला नोंद करा, कोणी दिली, कायमची दिली का ठेवायला दिली, माप, फोटो, देणाऱ्याची सही. गावात भांडणं इथेच होतात.

सातासमुद्र: मी अमेरिकेत असते, माहेर गुहागरचं. इथे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, माउंट व्हर्नन, पडायला आलं होतं तेव्हा १८५३ मध्ये अ‍ॅन पामेला कनिंगहॅम नावाच्या बाईने बायकांची संघटना उभी केली, गावोगाव वर्गणी काढली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला ते विकत घ्यायचा करार केला. आजही तीच संघटना ते चालवते. तुमचं वाचून ज्याची आठवण झाली ते वेगळंच, तिथे राबलेल्या गुलामांच्या दफनभूमीवर काही खूण नव्हती, या संघटनेने १९२९ मध्ये तिथे शिळा बसवली. म्हणजे घर वाचवल्यावर सत्तर वर्षांनी. तुम्ही पहिल्याच वर्षी कोठीच्या खोलीपासून सुरुवात करताय ताई, ते सोडू नका.

परसदार: सगळ्यांचे मनापासून आभार! लालमाती यांचा प्रतिसाद काकांना फोनवर वाचून दाखवला, ते गप्प झाले, मग म्हणाले कौलांचे पैसे मी देतो, प्लास्टर राहूदे. जोत्याला खरंच हातभर माती चढलीय, आजपासून उकरायला घेतली. आजींचं बोलणं रेकॉर्ड करतोय, त्या कांडताना म्हणायच्या त्या ओव्या पण सांगतायत.

आता एकच. दिवाळीनंतर चुन्याचं काम करायला माणूस लागेल, आमच्या भागातले गवंडी सगळे सिमेंटवाले झालेत. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे चुना मळून गिलावा करणारा कोणी जुना गवंडी माहीत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वय झालेलं असलं, हाताने काम होत नसलं तरी चालेल, ते खुर्चीवर बसून सांगतील तसं आम्ही करू.