रील फिरली आणि दुकानाचे नाव गेले: उत्तर द्यावे की गप्प बसावे?

प्रश्न: चप्पल लाईनमधला दुकानदार

नमस्कार. कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये आमचे वडिलोपार्जित दुकान आहे. पंधरा दिवसांपूर्वी पुण्याच्या एका ताईंनी आमच्याकडून नेलेली चप्पल पहिल्याच पावसात फुगून तळाला सुटल्याची रील टाकली, "अस्सल कोल्हापुरी म्हणून पुठ्ठा विकतात" असे म्हटले आणि सोबत दुकानाच्या पाटीचा फोटो जोडला. चप्पल आमचीच आहे, पण तिच्यात पुठ्ठा नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे भिजले की फुगते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. विकताना मात्र आम्ही ते त्यांना सांगितले नाही, हेही खरे.

त्यानंतर पुतण्याने दुकानाच्या खात्यावरून "चप्पल वापरायची अक्कल नसेल तर बूट घ्या" असे उत्तर लिहिले आणि त्याच रात्री त्याच्या तालमीतल्या मित्रांनी गूगलवर आम्हाला पाच-पाच तारे दिले. बहुतेकांचे वाक्य एकच होते: "एक नंबर चप्पल, नाद खुळा." आता मूळ रीलपेक्षा पुतण्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉटच जास्त फिरतो आहे. वडील म्हणतात, गप्प बसा, लोक विसरतील. पुतण्या म्हणतो, वकिलाची नोटीस धाडू. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: जनसंपर्काचे काम केलेली, राजारामपुरी

दादा, वर्तमानपत्रातली बातमी आठवड्याने रद्दीत जात असे, त्या काळात वडिलांचा सल्ला योग्य ठरला असता. आता वर्षभराने कोणी तुमच्या दुकानाचा पत्ता शोधला, तरी पत्त्याखाली हेच वाद दिसतील.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण, जिला आपण माधुरी म्हणतो, ती जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत रिलायन्सच्या वनतारा या प्राणी संगोपन केंद्राकडे गेली. आदेश न्यायालयाचाच होता, तरीही गावोगाव लोकांनी रिलायन्सच्याच जिओचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवले, कारण डोळ्यांत पाणी आणून हत्तिणीला निरोप देणाऱ्या माणसाला कायद्याचा दाखला हे उत्तर वाटतच नाही. ऑगस्टमध्ये वनताराने जे निवेदन काढले, त्यात क्षमायाचनेचे "मिच्छामि दुक्कडम्" हे जैन समाजाचेच शब्द होते आणि नांदणी परिसरात हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्तावही होता. त्या निवेदनातले सगळे मला पटले असे नाही. पण दुखावलेल्याची भाषा आणि करावयाची ठोस गोष्ट एकाच कागदावर आली की बोलणी सुरू होऊ शकतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवून कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते, तेव्हा तुमच्या ओळीत काय वातावरण होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या ताई आज तसाच राग धरून बसल्या आहेत.

मित्रांना ते अभिप्राय काढायला सांगा. पुतण्याचे उत्तर गुपचूप पुसू नका, स्क्रीनशॉट लोकांकडे आहेच. ते आमच्याच खात्यावरून गेले आणि ते चुकले, असे त्याखालीच लिहा. त्याआधी मात्र ताईंना फोन करा.

उत्तर: वकिली करणारा

नोटिशीबद्दल दोन शब्द. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, पण लोकहितासाठी केलेले खरे विधान त्यातून वगळलेले आहे. म्हणजे पुठ्ठा नव्हता, हा मुद्दा शेवटी पुराव्यावर येणार. शिवाय २००३ मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड या गायिकेने आपल्या घराचे छायाचित्र संकेतस्थळावरून हटवावे म्हणून पाच कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा ते छायाचित्र जेमतेम सहा वेळा उतरवून घेतले गेले होते आणि त्यातले दोनदा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोकांनी ते संकेतस्थळ पाहिले. बनावट अभिप्रायांचे म्हणाल, तर त्याविषयी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक असले तरी ग्राहक आयोगापुढे "मित्रांनी प्रेमापोटी लिहिले" हे सांगताना तुमचीच अडचण होईल.

उत्तर: शाहूपुरीतला व्यापारी

हे सगळे ठीक आहे, पण प्रत्येक रीलवाल्यापुढे वाकायचे म्हटले, तर उद्या कोणीही मोबाईल पुढे धरून फुकट चप्पल मागेल. माझ्याकडे असे दोनदा झाले आहे.

प्रश्नकर्ता

ताईंना फोन केला. पहिली पाच मिनिटे त्याच बोलल्या. मी असा मसुदा केला आहे: "आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आमच्या चपलेत पुठ्ठा नसतो. अस्सल कातड्याची चप्पल पावसात वापरू नये."

उत्तर: जनसंपर्काचे काम केलेली, राजारामपुरी

"झाली असल्यास" काढा; चप्पल सुटली आहे, ती सुटली असल्यास नव्हे. तिसऱ्या वाक्यात पुन्हा दोष त्यांच्याकडेच जातो, म्हणून "पावसात वापरू नये हे आम्ही विकताना सांगायला हवे होते" असे लिहा आणि यापुढे प्रत्येक जोडासोबत तशी चिठ्ठी देणार असाल, तरच त्याचा उल्लेख करा. शाहूपुरीच्या दादांची भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय म्हणजे बिल आणि जोड परत मागवून तपासणे. त्यावरूनच विचारते: पुठ्ठा नाही असे तुम्ही लिहिता, तर ती चप्पल तुम्ही उसवून पाहिली आहे का?

प्रश्नकर्ता

पाहिली नव्हती. माल तीस वर्षे एकाच कारागिराकडून येतो, म्हणून तशी गरज वाटली नाही. ताईंना कुरियरचा खर्च देऊन जोड परत मागवला आहे. तोवर काहीही लिहीत नाही.

प्रश्नकर्ता, चार दिवसांनी

जोड आला. वडिलांसमोर तळ उसवला. वरचा पट्टा, वेणी आणि दोन्ही कान कातड्याचेच आहेत, पण टाचेखालच्या दोन थरांमध्ये बोटभर रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा निघाला. कारागिराला विचारले, तर मागणी वाढल्यापासून टाचेची उंची भरायला मुलगा तसे करतो, असे म्हणाला. वडील तासभर काही बोलले नाहीत. त्या तुकड्याचा फोटो ताईंना पाठवला आहे, गोदामातले याच कारागिराचे बाकीचे जोड बाजूला काढले आहेत आणि निवेदन आता पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहीत आहे.